जास्तीची मूठ

"विसरायला होतं हो सगळ्यांनाच," असं कोणी म्हणालं की माझं डोकं तापतं.

म्हणणारा माझी समजूत घालत असतो, ते कळतं मला. पण तो घरी जातो तेव्हा त्याची किल्ली त्याच्या खिशात असते. त्याच्या घरचं दुधाचं पातेलं जळलेलं नसतं. सकाळी कोणाला काय कबूल केलं ते त्याला संध्याकाळी आठवत असतं. वर्षातून एकदा तो छत्री कुठेतरी विसरतो आणि मग मला येऊन सांगतो, सगळ्यांनाच विसरायला होतं. अरे बाबा, तू छत्री विसरतोस. मी स्वतःला कुठे ठेवलं तेच विसरते.

माझी एक सकाळ सांगते, म्हणजे कळेल. चहा ठेवते. उकळी येईपर्यंत दोन भांडी घासून घेऊ म्हणते. मोरीत गेले की बादलीची कडी निसटलेली दिसते, ती बांधायला सुतळी हवी. सुतळी आणायला आतल्या खोलीत जाते. तिथे सुनेच्या साड्यांचा गठ्ठा पडलेला असतो, ती घरी बसून मार्केटच्या साड्यांना लेस लावते. वरच्या साडीचा दोरा लोंबताना दिसला की माझे हात शिवशिवतात. कात्री शोधायला लागते. कात्री शोधताना मागच्या दिवाळीपासून हरवलेला चष्मा सापडतो. एवढा आनंद होतो की तो घालून मी ओट्यापाशी येते, दाखवायला, आणि पातेलं काळं ठिक्कर. सुतळी आणलेली नाही, दोरा कापलेला नाही, भांडी तशीच. सून विचारते, "आई, सकाळपासून काय करत होतात?"

काय सांगू? सकाळपासून मी एक मिनिट खाली टेकलेली नसते. माझ्याइतकं दमून या घरात कोणी जेवायला बसत नाही, आणि केलेलं काम दाखव म्हटलं तर दाखवायला एक जुना चष्मा.

आणि कंटाळा. तुमचा कंटाळा म्हणजे जांभई. माझा कंटाळा अंगावर मुंग्या सोडल्यासारखा असतो. तांदळाचं ताट घेऊन निवडायला बसले की दहाव्या खड्याला माझ्या पायात काहीतरी धावायला लागतं. उठलं नाही तर रडू येईल असं वाटतं. साठी उलटलेल्या बाईला तांदूळ निवडताना रडू येतं, हे कोणाला सांगायचं?

पण त्याच बाईला धागा कटिंगला बसवा. साडीच्या उलट बाजूला जरीचे सुटे धागे असतात, ते एकेक कापायचे असतात. तरुणपणी मी त्याला बसले की मला हाक ऐकू यायची नाही, भूक लागायची नाही. गठ्ठा संपल्यावर मान वर करायची तर बाहेर दिवे लागलेले. सासूबाई म्हणायच्या, "हाई पोरगी नाटकी शे. मनमां येस तवय करस." म्हणजे मनात येतं तेव्हाच काम करते, बाकी सोंग. मला तर वाटायचं, माझ्या मनात काय येणार हे कोणीतरी दुसराच ठरवतो आणि मला शेवटी कळवतो.

आम्ही मूळचे खानदेशातले. लग्न झालं तशी मी सुरतेला आले. तेव्हा उधन्याला आमची खोली लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याच्या भिंतीला लागून होती. दिवसरात्र खटाखट, खटाखट. नव्याने आलेल्या बाया डोकं बांधून बसायच्या. मी मात्र त्या आवाजात पहिल्यांदा आयुष्यात शांत झोपले. तिथेच मी बॉबिन भरायला जायची, आणि त्या गोंगाटात माझं डोकं एका जागी बसायचं. बाहेर एवढा आवाज की आतला आवाज दमून गप्प व्हायचा. हे मी एकदा शेजारणीला सांगितलं तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा कोणाला सांगितलं नाही.

मला माहेरी ठेवलेली नावं सांगत बसले तर पान पुरणार नाही. वेंधळी, धांदरट, बावळट, पाय फुटलेली, अर्धवट. माझा भाऊ अगदी माझ्यासारखाच. शाळेतून येताना दप्तर विसरायचा, बोलताना दुसऱ्याचं वाक्य तोडायचा, झाडावर चढायचा आणि उतरायचं कसं ते वर गेल्यावर विचारायचा. त्याला काय म्हणायचे? "पोरगं चंचल आहे, पण हुशार आहे." तोच खोडकर कृष्ण, आणि मी अर्धवट. मला बापाने चौथीनंतर घरी बसवलं, कारण "हिचं लक्षच नाही." पुढचं वाचन मी रद्दीच्या कागदांवरून आणि साड्यांच्या खोक्यांवरून शिकले. लक्ष नव्हतं तर ते कसं शिकले, हे कोणी विचारलं नाही.

आता मी सुरतेतच, डिंडोलीत, मुलाच्या घरी राहते. तो एम्ब्रॉयडरीच्या मशिनवर काम करतो. घरात तो, सून, मी आणि त्यांची एकुलती पोरगी, माझी नात. दहावीत आहे. ती जन्मली तेव्हा नाक माझ्यावर गेलं म्हणाले सगळे. नुसतं नाक नव्हतं गेलं, ते मला ती चालायला लागली तेव्हाच कळलं. एक चप्पल घालून बाहेर पडायची. सांगितलेल्या तीन गोष्टींतली मधली करून यायची. अंघोळीला गेली की बाहेर आवाज द्यावा लागायचा, कारण ती बादलीत पाणी कसं फिरतं ते बघत बसलेली असायची. मला ती कधीच वेडीवाकडी वाटली नाही. मला वाटायचं, चला, या घरात एक तरी सरळ माणूस आला.

शाळेतल्या एका मॅडमनी यंदा सुनेला बोलावून सांगितलं, पोरगी हुशार आहे, एकदा डॉक्टरला दाखवा. मुलगा चिडला. पण सून ऐकणारी आहे, ती आम्हा सगळ्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरबाई तरुण होत्या, गुजराती. त्यांनी नातीला बरंच विचारलं, काही खेळ करून घेतले. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "घरमां बीजुं कोई आवुं छे?" घरात आणखी कोणी असं आहे का.

मुलगा भिंतीकडे बघायला लागला. सून माझ्याकडे बघायचं नाही म्हणून पर्सची चेन उघडबंद करत राहिली. नात सरळ म्हणाली, "आजी."

डॉक्टरबाई हसल्या. "बा, तमारां काम अधूरां रही जाय छे?"

"अर्धवट राहिलेली नका विचारू," मी म्हणाले. "पूर्ण झालेली विचारा, ती पटकन सांगता येतील."

त्यांनी त्याला एडीएचडी म्हणतात असं सांगितलं. मेंदूची घडण अशी असते, म्हणाल्या. लक्ष नसतं असं नाही, लक्ष खूप असतं, पण ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं याचा ब्रेक ढिला असतो. आळस नाही. वळण कमी पडलं असंही नाही. घराण्यात येतं पुष्कळदा. नातीला रोज सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी, आणि तिची कामं तिला दिसतील अशी मांडून द्या.

लोकांना वाटतं, नाव कळलं तेव्हा मला बरं वाटलं असेल. मला राग आला. रिक्षात बसल्यावर तर तो आणखी वाढला. मला मारलेली प्रत्येक चापट मला त्या रिक्षात परत लागली. म्हणजे हे होतं काहीतरी? म्हणजे मी सांगत होते ते खरं होतं? "मी मुद्दाम नाही करत" हे वाक्य मी माहेरी, सासरी, कारखान्यात, सगळीकडे सांगितलं, आणि एकाही माणसाने, एकानेही, म्हटलं नाही की बरं, मग का होतं ते बघू.

मुलाने गल्लीत शिरताना म्हटलं, "हे सगळं मोबाईलमुळे झालंय."

"माझ्या लहानपणी आमच्या गावात फोन पोस्टात एक होता," मी म्हणाले. "आणि तोही बंद."

तर गोळ्या सुरू झाल्या. गोळीची पट्टी मी चिमट्याने पुढच्या खोलीतल्या आरशाशेजारी खिळ्याला अडकवली. पोरगी वेणी घालायला आरशापाशी येतेच. पट्टी दिसली की गोळी. साधी गोष्ट. आमच्यासारख्या माणसांचं एक असं आहे, ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. तुमची वस्तू कपाटात गेली तरी तुमच्या डोक्यात ती असते. आमची वस्तू डोळ्यांआड झाली की जगातूनच जाते. भाजी फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात गेली की ती मी कधी आणलीच नव्हती. म्हणून माझ्या घरात सगळं बाहेर असतं, आणि त्यालाही लोक पसारा म्हणतात.

गोळ्यांनी पोरगी काही बदलून गेली नाही. तशीच बडबडी, तशीच हसरी. पण बसायला लागली. एकदा मला म्हणाली, "आजी, पहले ना, डोक्यात सगळे रेडिओ एकदम चालू असायचे. आता एकच चालतो." मी तिला लूमच्या भिंतीची गोष्ट सांगितली. तिला ती एका वाक्यात कळली. शेजारणीला जन्मभर कळली नसती.

मग श्रावण आला आणि कानबाई आली.

कानबाई म्हणजे आमची खानदेशी माणसांची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसवतात, सोमवारी वाजतगाजत निरोप देतात. अख्खी भाऊबंदकी एका घरी जमते, आणि यंदा आमच्याकडे पाळी होती. थोरल्या जाऊबाई गावाहून आठवडाभर आधीच आल्या. त्या आल्या की घर परीक्षेला बसल्यासारखं होतं.

देवीचा नैवेद्य असतो रोटांचा. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू टाकायचे. ते दळून त्याचे रोट करायचे, घरच्यांनीच खायचे आणि पुनवेच्या आत संपवायचे. नाव राहिलं तर अशुभ. आणि एकदा टाकलेली मूठ देवीची झाली, ती परत काढता येत नाही. पोरींच्या नावाची मूठ नसते, बायकांचीही नसते. आम्ही टाकणाऱ्या.

लग्नानंतरच्या पहिल्या कानबाईला सासूबाईंनी मूठ टाकायला मला बसवलं होतं. नवी सून, मान दिला. त्या नाव घेत होत्या, मी टाकत होते. चार-सहा नावं झाली, आणि गव्हात मला एक इवलासा काळा किडा दिसला. एका दाण्यावर चढायचा, दाणा कलंडला की पडायचा, परत चढायचा. बस, एवढंच. सासूबाईंनी एका दिराचं नाव घेतलं. मी मूठ टाकली की टाकायची राहिली, ते माझ्या हातालाच कळेना. नाव राहिलं तर अशुभ, हे डोक्यात. म्हणून मी टाकली. ती दुसरी होती.

सासूबाईंनी माझा हात धरला. "हाई कोनी मूठ शे वं?" कोणाची आहे ही?

मी खाली त्या किड्याकडे पाहिलं.

"एक मानूस जास्ती कोन उना घरमां? नाव तं सांग."

बाया हसायला लागल्या. नव्या नवरीच्या मुठीत जास्तीचा माणूस, म्हटल्यावर काय काय बोलल्या असतील ते तुम्ही समजा. हे तेव्हाच संपायला हवं होतं. पण माझं नावच पडलं. जास्तीची मूठ. "आली बघा जास्तीची मूठ." लग्नात, बारशात, मयताला सुद्धा. माझ्या नवऱ्याच्या तेराव्याला मी ताट वाढताना एक पान जास्त मांडलं, तर मागून कोणीतरी हलकेच म्हणालंच. त्या पहिल्या वर्षानंतर मला कोणी गव्हाला हात लावू दिला नाही. मी भाजायची, लाटायची, भांडी घासायची. मोजायची नाही.

तर यंदा जाऊबाई येणार म्हणून सून घाबरली. तिने ती गोळ्यांची पट्टी खिळ्यावरून काढली. मला न सांगता. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे आधी सांगते. भाऊबंदकीत पोरीच्या लग्नाची बोलणी पोरगी तान्ही असल्यापासून सुरू असतात, आणि "डोक्याच्या गोळ्या खाते" एवढं एक वाक्य पुरतं. तिने ठरवलं, रोज सकाळी आपणच गुपचूप देऊ. पण घरात पाहुणे, साड्यांचा गठ्ठा द्यायचा, पुरणाची तयारी. राहून गेलं. आणि आम्ही दोघी, नात आणि मी? खिळ्यावर पट्टी नाही, म्हणजे गोळी नावाची गोष्टच नाही. आम्हाला चुकल्यासारखं सुद्धा वाटलं नाही. आठवडा गेला.

त्या आठवड्यात तिचा विज्ञानाचा पेपर होता. पुढची बाजू तिने सुंदर सोडवली. कागदाला मागची बाजू आहे हे तिने पाहिलंच नाही. पेपर घरी आला तेव्हा मुलगा नुकताच कामावरून आला होता. त्याने पेपर उलटा केला, कोरी बाजू पाहिली, आणि तो शांतपणे बोलला. तो ओरडला असता तर बरं.

"बस झालं. गोळ्या खाऊन हे. बंद करा त्या. दहावी झाली की घरी बस, मम्मीबरोबर लेस लाव. अकरावी-बिकरावी काही नाही."

नात म्हणाली, "पप्पा, मी मुद्दाम नाही केलं."

ते वाक्य थेट माझ्या कानात शिरलं. तेच शब्द. तोच आवाज म्हटलं तरी चालेल. आणि समोर तेच तोंड, माझ्या बापाचं, आता माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर जाऊबाई खाटेवरून म्हणाल्या, "आजीवर गई. दुसरं काय." मी उघडलेलं तोंड मिटलं. तो राग मी घेऊन झोपले.

शुक्रवारी गहू मोजायचे होते. दरवर्षी मूठ जाऊबाई टाकतात, पण यंदा त्यांचं मनगट प्लास्टरमध्ये. सून नेमकी बाजूला बसलेली, तिला देवीच्या गव्हाला हात लावता येणार नव्हता. दुसरी जाणती बाई घरात उरली मी.

जाऊबाईंनी देवाकडे पाहिलं. "माय, तूच सांभाळ आते."

मी म्हटलं, सांभाळायला देवीला कशाला, मला माझी रीत आहे. नातीला म्हटलं, घरातल्या सगळ्या वाट्या काढ. कमी पडल्या तर माळ्यावर जुन्या वाट्यांचा डबा आहे. एक माणूस, एक वाटी. सगळ्या वाट्या चादरीवर ओळीने मांडायच्या, नाव घेऊन एकेक भरायची, आणि सगळ्या भरल्या की मग एकदम सुपात ओतायच्या. डोक्यात काही धरायचंच नाही. सगळं डोळ्यांपुढे.

"हाई काय दुकान मांडं?" जाऊबाई म्हणाल्या. "अशी रीत नही आपली."

"तुमच्या रीतीने माझी चूक होते, बाई. माझ्या रीतीने होणार नाही. तुम्हाला रीत हवी की गहू?"

त्या काही बोलणार तेवढ्यात नात माळ्यावरून डबा घेऊन उतरली. डबा उघडला. वाट्यांच्या वर, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली, ती पट्टी.

"अरे, ही इथे आहे," नात म्हणाली. अगदी सहज. मग तिने पट्टी उलटी-पालटी केली. किती गोळ्या राहिल्यात ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींनाही एकदमच कळलं. सून दारात उभी होती, तिचा चेहरा पांढरा झाला.

"आई, मी देणार होते," ती म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हणाले. "तुझ्यावर नाही चिडले."

खरंच तिच्यावर नव्हते. पण गोळी लपवायला लावणाऱ्या भाऊबंदकीवर चिडले होते, आणि ते मला त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की मी वाट्या सोडून आधी उठले, पट्टी घेतली, आणि आरशाशेजारच्या खिळ्याला चिमटा लावून अडकवली. जाऊबाईंच्या अगदी समोर.

"काय शे ते?" त्यांनी विचारलं.

"गोळी आहे पोरीची. लक्ष लागायला."

"डोकानी?"

"डोक्याचीच. पायाने कोणी अभ्यास करतं का?"

जाऊबाई पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "लोके काय म्हनतीन? तठे नको लटकाडू. डब्बामां ठेव."

"डब्यातच होती," मी म्हणाले. "म्हणून तर पेपर कोरा आला."

मग आम्ही गहू मोजले. जाऊबाई फुगून बसल्या होत्या, पण नावं त्यांनीच घेतली, कारण सगळ्या चुलत-चुलत पोरांची नावं त्यांच्याइतकी कोणाला पाठ नाहीत. नाव, वाटी. नाव, वाटी. मधे पोरगी रस्त्यावरच्या बँडकडे पळाली, मधे मी दाराशी मांजर आलं म्हणून उठले. परत आले तर काहीच बिघडलं नव्हतं. भरलेली वाटी भरलेली होती, रिकामी रिकामी. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माझं अर्धं आयुष्य टोमण्यात गेलं, हे मनात आलं आणि माझा हात गव्हात तसाच राहिला.

नावं संपली. शेवटी एक वाटी रिकामी उरली.

"ऱ्हायना का कोनी?" जाऊबाई दचकल्या. परत सगळी नावं घेतली, वाट्यांवर बोट ठेवून. कोणी राहिलं नव्हतं. पोरीने एक वाटी जास्त आणली होती.

जाऊबाई हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा. "जास्तीनी मूठनी नात, जास्तीनी वाटी."

मी त्या वाटीत सव्वा मूठ गहू टाकले.

"हाई कोनी?"

"माझी," मी म्हणाले. "तेव्हाची पण माझीच होती. तुम्ही सगळ्यांनी उगाच माणूस शोधलात."

टाकलेली मूठ परत काढता येत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या नातीकडे वळून म्हणाल्या, "दळाले नेय आते, टाइम व्हई गया."

मुलगा संध्याकाळी आला. चप्पल काढता काढता त्याला पट्टी दिसली. "माय, मी काय सांगितलं होतं?"

"तू सांगितलंस गोळी खाऊन पेपर बिघडला. पेपराच्या दिवशी गोळी माळ्यावरच्या डब्यात होती, आणि पोरगी वर्गात. मोजून बघ, पट्टीत किती शिल्लक आहेत ते. मला मोजता येत नाही, तुला येतं ना."

त्याने मोजल्या. बायकोकडे पाहिलं. मग पाणी प्यायला आत गेला.

रविवारी घर माणसांनी भरलं. सोमवारी सकाळी, देवीला निरोप द्यायच्या आधी, भाऊबंद रोट आणि दूध खायला बसलेले असताना नात वेणी घालायला आरशापाशी गेली, तिला पट्टी दिसली, तिने गोळी काढली आणि रोटाच्या घासाबरोबर सगळ्यांसमोर खाल्ली. कोणी काही बोललं नसतं, पण माझ्या चुलत दिराला गप्प बसणं जमत नाही.

"कशाची गोळी गं?"

"लक्ष लागायची, काका आजोबा. तुमची बीपीची कुठे आहे?"

त्याने शर्टाचा खिसा चाचपला. "अरे हो," म्हणाला, आणि पाणी मागवलं.

मुलाने हे ऐकलं. तो समोरच बसला होता. हसला नाही, पण पोरीला अजून एक रोट वाढला.

एवढ्याने सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही, कारण खोटं होईल. पाहुणे गेल्यावर दोन दिवसांनी त्या खिळ्यावर कोणीतरी नवं कॅलेंडर टांगलं, मोठं, देवाच्या चित्राचं. खाली पट्टी झाकली गेली. कोणी टांगलं ते मी विचारलं नाही. मी कॅलेंडर काढून दुसऱ्या भिंतीवर लावलं. त्या भिंतीवर खिळा नव्हता, तो ठोकला. ठोकताना शेजारी विचारायला आले, भरदुपारी काय ठोकता. सांगितलं.

आणि अकरावीचं मुलगा अजून बोललेला नाही. मी त्याला रोज विचारते. जेवताना विचारते, तो गाडीला किक मारत असतो तेव्हा विचारते, अंघोळीला गेला तर दाराबाहेरून विचारते. परवा वैतागून म्हणाला, "माय, तुला गॅस बंद करायचं आठवत नाही. हेच बरं रोज आठवतं?"

"पोरगी डोळ्यांसमोर आहे ना," मी म्हणाले. "म्हणून."